एचआयव्हीसह जगणाऱ्या आईशी बाळाच्या दुधाबद्दल बोलायचं कसं

समुपदेशनाच्या खोलीत आई सगळ्याला ‘हो’ म्हणते. सहा महिने फक्त अंगावरचं दूध? हो. गोळी रोज, वेळेवर? हो. पाणी नाही, मध नाही, साखरपाणी नाही? हो ताई. आणि महिन्याभरानं तपासणीला येते तेव्हा पिशवीतून दुधाची बाटली डोकावत असते. या कामात नव्यानं आलेल्या मुली मला वैतागून विचारतात, “एवढं समजावून सांगितलं, तरी असं का?” मी त्यांना एकच उलट प्रश्न विचारते: तुम्ही तिला सांगितलंत काय ते कळलं, पण तिला विचारलंत काय?

हे लेखन अशा नव्या समुपदेशक, परिचारिका आणि आरोग्यसेविकांसाठी आहे. एचआयव्हीसह जगणारी एखादी आई वाचत असेल तर तिलाही उपयोग होईल, कारण आम्ही काय विचारायला हवं हे तिला माहीत असलेलं बरंच. बाळाला काय पाजायचं हे मार्गदर्शक सूचनांमध्ये लिहिलेलं असतं, पण प्रत्यक्षात ते ठरतं रात्री, घरात, बाळ रडत असताना, आणि बऱ्याचदा आईच्या हातानं नाही. सासू, नवरा, शेजारीण, दुखणारी छाती, संपत आलेली रजा, कपाटात लपवलेली औषधाची डबी अशा सगळ्यांचा त्यात हात असतो. यातलं नेमकं काय या आईच्या घरात चालू आहे ते आधी शोधायचं. सल्ला त्यानंतर.

आधी स्वतःचे आकडे पक्के करा

आपणच गडबडलेलो असलो तर आईला ते लगेच कळतं. म्हणून एवढं तरी पाठ असावं.

कोणताही उपचार नसेल तर गरोदरपण, बाळंतपण आणि अंगावर पाजणं हे सगळं धरून आईकडून बाळाला संसर्ग होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. आई एआरटी (एचआयव्हीचा विषाणू दाबून ठेवणाऱ्या रोजच्या गोळ्या) नियमित घेत असेल आणि तिच्या रक्तातला विषाणू दबलेला असेल तर हे चित्र पार बदलतं. भारत आणि आफ्रिकेतल्या काही देशांत मिळून झालेल्या ‘प्रॉमिस’ अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. त्यात अंगावर पिणाऱ्या बाळांमध्ये बारा महिन्यांपर्यंत संसर्गाचं प्रमाण साधारण ०.६ टक्के होतं. आईनं औषध घेतलं त्या गटातही तेवढंच आणि बाळाला रोज औषध दिलं त्या गटातही जवळपास तेवढंच.

०.६ म्हणजे शून्य नव्हे, आणि हे आईला सांगायचं. लैंगिक संबंधांच्या बाबतीत ‘विषाणू सापडत नाही म्हणजे संसर्ग होत नाही’ असं आपण ठामपणे म्हणतो. अंगावर पाजण्याच्या बाबतीत तितक्या ठामपणे म्हणता येत नाही. ‘काही होत नाही हो, बिनधास्त पाजा’ असं म्हणणारी समुपदेशक मला घाबरवणाऱ्या समुपदेशकेइतकीच नकोशी वाटते.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची २०१६ ची सूचना अशी: जिथे अंगावर पाजणं आणि एआरटी हेच धोरण आहे, तिथे एचआयव्हीसह जगणाऱ्या आईनं पहिले सहा महिने फक्त अंगावर पाजावं, मग वरचा आहार सुरू करून किमान बारा महिने आणि हवं तर दोन वर्षं किंवा त्याहून जास्त पाजणं चालू ठेवावं, आणि या सगळ्या काळात औषध नियमित चालावं म्हणून तिला पूर्ण आधार द्यावा. शेवटचा भाग वाचून पुढे जाऊ नका. तो आधार द्यायचा म्हणजे आपणच द्यायचा.

एकाच आईला तीन सल्ले का मिळतात

आईच्या निर्णयावर सगळ्यात वाईट परिणाम करणारी गोष्ट बऱ्याचदा आपल्याकडूनच जाते. बाह्यरुग्ण विभागात एक सांगणार ‘पाजा’, बाळंतपणाच्या वॉर्डात दुसरी म्हणणार ‘नको गं बाई, पावडर आण’, आणि लसीकरणाच्या दिवशी तिसरी ‘सहा महिने झाले की एकदम बंद कर’. तिघीही खोटं बोलत नसतात. प्रत्येकीनं आपापल्या प्रशिक्षणाच्या वर्षात जे शिकलं तेच ती सांगत असते.

हा इतिहास थोडक्यात माहीत असला की सहकाऱ्यांशी भांडण होत नाही. अंगावरच्या दुधातून संसर्ग होतो हे १९८५ च्या सुमारास समजलं, आणि जिथे शक्य तिथे पाजूच नका असा सूर लागला. नैरोबीत झालेल्या आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत औषधं नसलेल्या काळात दोन वर्षांअखेर अंगावर पिणाऱ्या गटातली सुमारे ३७ टक्के बाळं बाधित झाली होती आणि वरच्या दुधावरच्या गटातली सुमारे २० टक्के. पण दोन्ही गटांत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण जवळपास सारखं होतं. तेही पिण्याचं शुद्ध पाणी मिळणाऱ्या घरांत. त्याआधी, १९९९ मध्ये, डर्बनच्या अभ्यासानं दाखवलं की फक्त अंगावर पिणाऱ्या बाळांपेक्षा अंगावरचं आणि वरचं दोन्ही मिळणाऱ्या बाळांना संसर्ग जास्त झाला. मग २००६ मध्ये बोट्स्वानात अतिवृष्टीनंतर जुलाबाची मोठी साथ आली. तिथे एचआयव्ही असलेल्या आयांना पावडर मोफत मिळत होती, आणि गंभीर आजारी झालेली बहुतेक बाळं अंगावर न पिणारीच होती. एचआयव्हीपासून वाचवायला दिलेलं दूध खराब पाण्यात कालवलं गेलं. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं औषधासह पाजण्याला मोकळेपणानं पाठिंबा दिला तो या सगळ्या अनुभवातून.

उलट बाजूला, शुद्ध पाणी आणि पावडर सहज मिळणाऱ्या देशांत ‘अजिबात पाजू नका’ हाच सल्ला बराच काळ टिकला. तोही आता सैल झाला आहे. अमेरिकेच्या २०२३ च्या सूचनांमध्ये आई आणि डॉक्टर यांनी मिळून ठरवावं असं आलं आणि २०२४ मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही विषाणू दबलेला असेल तर पाजू इच्छिणाऱ्या आईला साथ द्यावी असं म्हटलं.

यातून करायचं एवढंच: आपल्या केंद्रातल्या बाळंतपणाच्या, लसीकरणाच्या आणि एआरटीच्या लोकांना एका दुपारी एकत्र बसवा आणि तुमच्या कार्यक्रमाची चालू सूचना सगळ्यांनी मिळून वाचा. चहासकट तासाभराचं काम आहे. एरवीच्या दहा पोस्टरांपेक्षा ते जास्त कामाचं.

कधी आणि कुठे बोलायचं

गरोदरपणातच. कळा येत असताना किंवा टाके ताजे असताना ‘काय ठरवलंय, अंगावरचं की वरचं?’ हा प्रश्न म्हणजे क्रूरपणा आहे. सातव्या महिन्यापर्यंत पहिलं सविस्तर बोलणं झालेलं असावं, आणि बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यात दुसरं. पहिल्या आठवड्यातच दूध ‘येतंय की नाही’ची धास्ती असते आणि घरात सल्ला द्यायला माणसं जमलेली असतात.

सुरुवातीला एकटीशी बोला. सासू सोबत आली असेल तर तिला तेवढा वेळ दुसऱ्या कामात गुंतवा. वजन, कागद, केसपेपर, काहीही. आणि पहिला प्रश्न दुधाचा नसतो. पहिला प्रश्न: “तुमच्या आजाराचं घरात कोणाकोणाला माहीत आहे?” दुसरा: “मी फोन केला आणि दुसऱ्या कोणी उचलला, तर मी कोण म्हणून सांगू?” हा दुसरा प्रश्न विचारला की बऱ्याच जणींचा चेहरा बदलतो. ही बाई आपलं गुपित राखणार, हे तिथे त्यांना पटतं.

रात्रीबद्दल विचारा

‘तुम्ही फक्त अंगावर पाजता का?’ असं विचारलंत तर ‘हो’च ऐकायला मिळेल, कारण तेच बरोबर उत्तर आहे हे तिला माहीत आहे. मी काल रात्रीबद्दल विचारते. एका बाळंतिणीशी झालेलं बोलणं साधारण असं होतं.

“काल रात्री बाळ पहिल्यांदा कधी उठलं?”

“बारा-साडेबाराला असेल.”

“आधी कोण उठलं?”

“सासूबाई. त्या जवळच झोपतात.”

“मग?”

“त्यांनी उचललं. मला म्हणाल्या, तू झोप, टाके दुखतायत तुझे.”

“मग शांत झालं का?”

जरा थांबून, “थोडं साखरपाणी दिलं त्यांनी. चमच्यानं. माया करतात हो त्या.”

इथे ‘साखरपाणी दिलंत?’ म्हणून डोळे वटारले असते तर पुढचं काही कळलं नसतं. पुढचं महत्त्वाचं होतं: सासूला आजाराचं माहीत नव्हतं, त्यामुळे ‘का द्यायचं नाही’ हे सून सांगूच शकत नव्हती. अडचण साखरपाण्याची नव्हतीच मुळी. तिला कारण हवं होतं, आजाराचं नाव न घेता सांगता येईल असं. ते मी दिलं: सहा महिन्यांच्या आत कोणत्याही बाळाला पाणीसुद्धा लागत नाही, पोट बिघडतं, डॉक्टरांनी सक्त मना केलंय. हे सगळ्याच बाळांना लागू आहे, म्हणून यात खोटंही काही नाही. पुढच्या वेळी सासूला आत बोलावून हेच मी तिच्यासमोर सगळ्या आयांना सांगतात तसं सांगितलं, आणि रात्री उठून सुनेजवळ बाळ आणून देण्याचं काम तिच्यावर सोपवलं. माया करायला जागा मिळाली की लोक चमचा बाजूला ठेवतात.

याच पद्धतीनं आणखी विचारण्यासारखं: बाळाला जन्मल्यावर पहिलं काय चाटवलं, कोणी? चीक काढून टाकायला कोणी सांगितलं का? तुम्ही घरी नसता तेव्हा बाळ कोणाकडे असतं? ‘तुझं दूध पुरत नाही’ असं कोण म्हणतं? उत्तरात ज्या व्यक्तीचं नाव पुन्हा पुन्हा येतं, तिच्याशीही बोलायला हवं.

लोक काय म्हणतील

या एका भीतीमुळे आई दोन्ही दिशांना ढकलली जाते. जिथे सगळ्या बायका पाजतात, तिथे न पाजणारीकडे बोटं दाखवली जातात: ‘हिला ते आहे वाटतं.’ त्यामुळे पावडर द्यायचं ठरवलेली आई चारचौघांत छातीला लावते आणि घरी बाटली देते. उलट ज्या घरात आजार माहीत आहे, तिथे पाजायला बसली की नणंद म्हणते, ‘बाळाला पण देणार का तू?’ मग ती न्हाणीघरात लपून पाजते. दोन्हीत बाळाला मिळतं ते मिश्र, अनियमित आणि घाईघाईचं दूध.

यावर उपाय म्हणून ‘घरी सांगून टाका’ असा आग्रह धरू नका. सांगितल्यावर मार खाणाऱ्या, घराबाहेर काढल्या जाणाऱ्या बायका असतात. आधी विचारा: सांगितलं तर काय होईल असं वाटतं? सगळ्यात कमी धोका कोणाला सांगण्यात आहे? कधीकधी नवऱ्याआधी सख्खी बहीण हे उत्तर असतं. नवरा तयार असेल तर त्याला बोलवा, त्याची तपासणी सुचवा आणि आकडे त्याच्यासमोर पुन्हा सांगा. ज्याला ०.६ टक्के कळलेलं असतं तो बायकोला न्हाणीघरात पाठवत नाही.

ज्या आईला कोणालाच सांगता येत नाही, तिच्यासोबत उत्तरं घडवा आणि मोठ्यानं म्हणायला लावा. ‘ही गोळी कसली?’ याचं. ‘बाळाला हे औषध कसलं?’ याचं. पावडर देत असेल तर ‘अंगावर का नाही?’ याचं. तोंडात बसलेलं उत्तर असलं की ती गोंधळत नाही. औषधाची डबी कुठे ठेवते तेही विचारा. गोळ्या खडखडतात म्हणून डबीत कापूस भरणाऱ्या बायका मला माहीत आहेत. कुलूपबंद कपाटात, किल्ली नवऱ्याकडे, असं असेल तर गोळी चुकणारच.

‘दूध पुरत नाही’

वरचं दूध सुरू होण्याचं सगळ्यात जास्त ऐकू येणारं कारण हेच, आणि त्याचा एचआयव्हीशी काही संबंध नसतो. एचआयव्हीमुळे दूध कमी येत नाही. एआरटीमुळेही नाही. पण ‘मी आजारी, माझं अंग अशक्त, दूध कुठून येणार’ असं आईला वाटतं आणि घरातले दुजोरा देतात.

वाद घालू नका, दाखवा. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर बाळ दिवसातून सहा किंवा जास्त वेळा लघवी करतंय ना, लघवी फिकट आहे ना, आणि पहिले काही दिवस उतरलेलं वजन दोन आठवड्यांत परत आलं ना. एवढं असेल तर दूध पुरतंय. वजनाचा तक्ता तिच्याच हातात द्या आणि रेघ बोटानं दाखवा. रडणं म्हणजे भूकच असं नसतं हेही सांगा, विशेषतः संध्याकाळच्या रडण्याबद्दल.

मग एकदा समोर पाजायला लावा. याला दुसरा पर्याय नाही. बाळाचं अख्खं अंग आईकडे वळलेलं हवं, मान मुरडलेली नको. तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली, आणि काळा भाग खालच्यापेक्षा वरच्या बाजूला जास्त दिसणारा. बाळ नुसतं टोक चोखत असेल तर दूधही कमी मिळतं आणि भेगाही पडतात. एचआयव्ही असताना भेगा हा वेगळाच विषय होतो.

भेगा, गाठ, पांढरे चट्टे

छातीला भेग पडून रक्त येत असेल, किंवा छाती लाल, गरम, दगडासारखी झाली असेल आणि ताप असेल, तर दुधातलं विषाणूचं प्रमाण वाढू शकतं. बाळाच्या तोंडात पांढरे चट्टे असतील, खरवडूनही न निघणारे, तर तेही धोक्याचं. हे आईला बाळंतपणाआधीच चित्र दाखवून सांगा, कारण प्रत्यक्षात झालं की ती ‘होईल बरं’ म्हणून चार दिवस काढते.

काय करायचं ते तीन वाक्यांत: चांगल्या बाजूनं पाजत राहायचं. दुखऱ्या बाजूचं दूध पिळून काढायचं आणि टाकून द्यायचं, साठू द्यायचं नाही. त्याच दिवशी केंद्रात यायचं. ‘दुखतंय म्हणून दोन्हीकडचं बंद’ केलं की छाती आणखी दाटते.

गोळी चुकते ती बाळंतपणानंतर

गरोदर बाई बाळासाठी गोळी न चुकता घेते. बाळ सुखरूप हातात आलं की तिला वाटतं, काम झालं. अनेक देशांतल्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं: गरोदरपणात सुमारे ७६ टक्के बायका औषध पुरेशा नियमितपणे घेत होत्या, बाळंतपणानंतर ५३ टक्के. म्हणजे ज्या काळात बाळ तिच्या अंगावर पितं, नेमक्या त्याच काळात हात सैल पडतो. अंगावर पाजण्याची सगळी सुरक्षितता या गोळीवर उभी आहे. तिला हे असं सांगा: “आता ही गोळी तुमची एकटीची नाही, बाळ ती दुधातल्या संरक्षणासाठी तुमच्याकडून मागतंय.”

वेळ बांधून द्या. पण घड्याळाची नको, बाळंतिणीला घड्याळ नसतं. रोज होणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधा: रात्रीचं जेवण झालं की, बाळाची मालिश झाली की. माहेरी किंवा दुसऱ्या गावी जाणार असेल तर किती दिवसांच्या गोळ्या लागतील ते आधीच मोजून द्या. बाळंतपणाला जागा बदलते आणि औषधाचं केंद्र मागेच राहतं, हे फार ठिकाणी घडतं.

व्हायरल लोडची, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते मोजणाऱ्या तपासणीची, तारीख कार्डावर लिहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार ही तपासणी बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी आणि पुढे पाजत असेपर्यंत दर सहा महिन्यांनी. ‘तुमचा रिपोर्ट चांगला आहे’ असं मोघम न सांगता आकडा दाखवा. तो आकडा तिचा आहे, आणि ‘पाजू की नको’ या रात्रीच्या प्रश्नाचं उत्तरही तोच आहे.

आकडा वाढलेला आला तर? घाबरून त्याच क्षणी पाजणं बंद करायला लावू नका. डॉक्टरांना लगेच कळवा. गोळी का चुकते ते शोधायचं, बाळाचं औषध वाढवायचं की काय ते डॉक्टर ठरवतील, आणि मधल्या काळासाठी पिळून काढलेलं दूध गरम करून देणं हा एक मार्ग असतो. तो मी प्रत्यक्ष करून दाखवते: स्वच्छ काचेच्या बरणीत दूध, बरणी पाण्याच्या पातेल्यात, पाणी दुधाच्या पातळीपेक्षा दोन बोटं वर. मोठी आच. पाणी खळखळ उकळलं की बरणी लगेच बाहेर, झाकण ठेवायचं, गार होऊ द्यायचं, वाटी-चमच्यानं पाजायचं. हे कायमचं काम म्हणून कोणावर लादू नका. दिवसातून आठ वेळा असं करणं एकट्या बाईच्यानं होत नाही.

बाळाचं औषधही याच गोष्टीचा भाग. अंगावर पिणाऱ्या बाळाला सहसा नेविरापीन रोज एकदा, सहा आठवडे. धोका जास्त असेल तर दोन औषधं, बारा आठवड्यांपर्यंत. सिरिंजवर किती ओढायचं त्या रेघेवर रंगीत चिकटपट्टी लावून द्या. आणि बाळानं उलटी केली तर काय, हे विचारण्याआधीच सांगा.

चुकून वरचं दूध दिलं गेलं तर

इथे आमच्या पिढीनं खूप भीती पसरवली आहे. एआरटी नव्हती तेव्हा मिश्र दूध हा मोठा धोका होता, म्हणून ‘एक थेंब वरचा दिलात तर अंगावरचं कायमचं बंद’ असं सांगितलं जायचं. आई एआरटीवर असेल तर हे आता सांगायचं नाही. २०१६ च्या सूचनेत स्पष्ट म्हटलंय: फक्त अंगावरचं दूध हेच उत्तम, पण मिश्र दिलं गेलं म्हणून पाजणं थांबवायचं कारण नाही. आणि कामावर जायचं म्हणून चारच महिने पाजता येणार असेल, तर ते अजिबात न पाजण्यापेक्षा बरं. ही दोन वाक्यं ऐकून कितीतरी जणी खरं बोलायला लागतात, कारण खरं सांगितल्याची शिक्षा संपलेली असते.

पावडर द्यायचं ठरलं तर

काहींना आजारपणामुळे, काहींना स्वतःच्या निर्णयामुळे, काहींना विषाणू दबत नाही म्हणून वरचं दूध द्यावं लागतं. त्यांना अपराधी वाटू देऊ नका, पण प्रश्न कडक विचारा. घरात आणि परिसरात पाणी, शौचालय नीट आहे का? पहिले सहा महिने पुरेल एवढी पावडर खंड न पडता मिळेल का, पैसे कोण देणार? रात्री तीन वाजता पाणी उकळायला कोण उठणार? घरातल्यांना हे मान्य आहे का? जुलाब झाले तर दवाखाना जवळ आहे का? यातल्या एखाद्या प्रश्नावर ती गप्प झाली तर तिथे थांबून बोला.

मग कृती, आणि तीही तिच्याच हातानं करवून घ्या. हात साबणानं. पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत वापरायचं, म्हणजे ते ७० अंशांच्या वर राहतं आणि पावडरीतले जंतू मरतात. डब्यातलाच चमचा, सपाट, डब्यावर लिहिलंय तितकाच. पावडर पुरवून वापरायची म्हणून पाणी वाढवणं हे बाळाला उपाशी ठेवणं आहे. गार करून लगेच पाजायचं. तयार केल्यावर दोन तासांत न संपलेलं फेकायचं. बाटलीपेक्षा वाटी धुवायला सोपी. साधं जनावराचं दूध पहिल्या सहा महिन्यांत याची जागा घेऊ शकत नाही.

कमी करताना

सहा महिन्यांनंतर वरचा आहार वाढवायचा, पाजणं चालूच. थांबवायचं ठरलं की महिनाभरात हळूहळू, एकेक वेळ कमी करत. एकदम तोडलं तर छाती दाटते, दुधातला विषाणूही वाढतो, आणि बाळ हट्टानं रात्री पुन्हा अंगावर येतंच. थांबवायची घाई कोणी केली हेही विचारा. पुष्कळदा ती आईची नसते.

तपासण्यांच्या तारखा पाजण्याशी जोडून समजवा. पहिली चार ते सहा आठवड्यांना, पुढची नऊ महिन्यांना, आणि शेवटची अठरा महिन्यांना किंवा पाजणं थांबल्यावर तीन महिन्यांनी, यातलं जे नंतर येईल ते. ‘पहिला रिपोर्ट चांगला आला’ म्हणून येणं थांबवणाऱ्या आया असतात. दूध चालू आहे तोवर तपासणीही चालू, असं सांगितलं की लक्षात राहतं. अठरा महिन्यांच्या आत साध्या अँटिबॉडी तपासणीत आईच्याच अँटिबॉडी दिसू शकतात, म्हणून बाहेर कुठेतरी परस्पर तपासून ‘पॉझिटिव्ह’ ऐकून कोलमडू नका, हेही तिला आधीच सांगून ठेवा.

प्रत्येक भेटीनंतर फाइलमध्ये ‘समुपदेशन केले’ एवढंच लिहू नका. लिहा: घरात कोणाला माहीत आहे, रात्री बाळ कोण उचलतं, गोळी कशाला बांधली आहे, व्हायरल लोडचा शेवटचा आकडा आणि पुढची तारीख, फोनवर आपण कोण म्हणून बोलायचं. तुम्ही रजेवर असाल तेव्हा त्या खुर्चीत बसणाऱ्या मुलीनं आईला सगळं पहिल्यापासून सांगायला लावू नये.